हात पोचतो तिथवर

वरून चुन्याचा एक शिंतोडा आला आणि थेट तिच्या चष्म्यावर बसला.

"अहो, खाली माणसं आहेत!"

"माणसं कुठे? एकच तर बाई आहेत," परांचीवरून गवंड्याने वाकून पाहिलं. "आणि त्यासुद्धा भिंतीला नाक लावून उभ्या!"

तिला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलंच. जुन्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीतला, दगड सांधणारा मसाला सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, हे तिचं काम. तिने सांध्यातून चिमूटभर मसाला खरवडला, डबीत भरला, आणि निघताना एकदा... एकदाच हं, वर पाहिलं. तो अजून बघतच होता.

आठवड्याने तोच प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. केसांत चुना, कपाळावर आठ्या.

"भिंगवाल्या बाई, भिंतीत सिमेंट आहे असं लिहिलंत? सिमेंट म्हणजे बांधकाम अलीकडचं, जपण्यासारखं नाही, म्हणून सोमवारी वाचनालयाची समिती ती पाडायचं ठरवणार आहे. चार महिने जीव ओततोय मी तिच्यात!"

"मी दिसलं तेच लिहिलं. बघा ना तुम्हीच."

त्याने भिंगाला डोळा लावला. ती त्याच्या शेजारी वाकून करडे कण दाखवत राहिली. दोघांचे खांदे लागले, तरी कुणीच सरकलं नाही.

"सिमेंटच आहे," तो पुटपुटला. मग एकदम वळला. "पण नमुना घेतलात कुठून?"

"समोरूनच. खांद्याच्या उंचीवरून."

"म्हणजे हात पोचतो तिथून! अहो, आजवर डागडुजीला आलेला प्रत्येक जण तिथेच सिमेंट लिंपून गेलाय. शिडी आणायचे कष्ट घेतो कोण?"

शिडीचा कंटाळा तिनेही केला होता, आणि तिच्या आळसापायी एवढी भिंत जाणार होती. तिने पिशवी उचलली.

"चला. मला वर न्या."

खरं तर उंचीची तिला भयंकर भीती. तिसऱ्या फळीवरच तिने बांबूला मिठी मारली.

"खाली बघू नका," तो म्हणाला.

"मग कुठे बघू?"

"माझ्याकडे... म्हणजे, चालत असेल तर."

चालत होतं की! तिने त्याचा हात घट्ट धरला आणि पार छताखालच्या थरापर्यंत चढली. त्याने एक दगड अलगद सैल केला. पाठीमागचा मसाला तिने स्वतः काढला.

त्या तुकड्याला राळेत बसवून, उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा होता. पुढचे तीन दिवस दुपारच्या सुट्टीत तो न चुकता हजर.

"एवढं घासता? आमची आई पितळसुद्धा एवढं घासत नाही."

"शांत बसा हो. तुमच्यामुळे हात हलतो."

"माझ्यामुळे?" तो गालातल्या गालात हसला. तिचे कान लाल झाले.

रविवारी दुपारी तिने भिंगातून पाहिलं आणि चक्क उडीच मारली. चुन्याचे पांढरे गोळे, विटांची लाल पूड, सिमेंटचा एक कण नाही! बारीक भेगांत नवे स्फटिक चमकत होते. पाणी मुरलं, थोडा चुना विरघळला, आणि त्यानेच भेगा भरून काढल्या.

"म्हणजे भिंत आपली आपणच बरी होते?" त्याने विचारलं.

"होय! आणि सिमेंट थापलंत तर तिचं हेच बंद पडेल."

सोमवारी तिने भिंगाखालची ती चित्रं समितीच्या सभागृहात पडद्यावर लावली.

"मग आधीचा अहवाल?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"चुकला. नमुना मी चुकीच्या जागेवरून घेतला होता. चूक माझी आहे, भिंतीची नाही."

नोकरीवर पाणी सोडायची तयारी करून ती उभी राहिली. अध्यक्षबाईंनी चित्र नीट पाहिलं आणि आपला हात वर केला. मग एकेक करत सगळेच हात वर गेले. भिंत राहणार, दुरुस्ती चुन्यानेच! मागच्या रांगेत गवंडी खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बाहेर पडताना त्याने तिला गाठलं. "काम अजून वर्षभर चालेल. नमुन्यांसाठी... वर यावं लागेल ना तुम्हाला?"

"येईन. पण नमुन्यांसाठी नाही."

"मग?"

"तुम्ही मला आवडता म्हणून."

एका शब्दाला चार शब्द सुनावणाऱ्या त्या माणसाने नुसता हात पुढे केला. तो हात तिने साऱ्या समितीदेखत धरला.

"दार लावायचंय," मागून अध्यक्षबाई म्हणाल्या. "हात सोडू नका, पण बाहेर व्हा!"