तिसरी तार

“त्यानं हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीय, ताई. म्हणतो, माझ्या कामापायी तुझ्या आईचा जीव जात होता, आता मी तारेला हात लावणार नाही. तुझ्या घरच्यांना तोंडही दाखवणार नाही.”

ताई खाजगी तपास करायच्या. सोबतीला असत मास्तर. दोनदा सांगितल्याशिवाय काही न कळण्याची सवय त्यांनी आयुष्यभराच्या विद्यार्थ्यांकडून उचलली होती.

हे सांगायला आलेल्या मुलीचं लग्न ठरलं होतं एका वायरमनशी. त्यानं तिच्या घरच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये हौसेनं एक्झॉस्ट फॅन बसवून दिला. पुढं एकदा भरदिवसा आई दिवा बंद करून, उघड्या दाराच्या उजेडात स्टुलावर चढली, ओल्या फडक्यानं फॅनची पत्र्याची जाळी पुसायला लागली, आणि झटक्यासरशी खाली आली. मनगट मोडलं. त्याच दिवशी भावानं लग्नही मोडलं.

“दिवा बंद असताना झटका?” ताईंनी विचारलं. “आणि पंख्याचं बटण?”

“दोघांना एकच बटण आहे.”

“चालायचा नीट?”

“छान. आधी तर दिवा मालवला तरी थोडा वेळ गुणगुणत बसायचा, आरशावरची वाफ ओढून घ्यायचा. नंतर नंतर मात्र दिव्याबरोबरच गप्प व्हायला लागला.”

मास्तरांना वाटलं, पंख्याच्या गुणगुणण्यात काय एवढं? पण ताईंची नजर कुठंतरी लांब गेली होती.

वायरमन खाली मान घालून भेटला.

“तारा किती नेल्या होत्यास?”

“तीन. एक बटणाची, एक वीज परत नेणारी न्यूट्रल, एक कायम वीज असलेली. पण मीच कुठंतरी चुकलो असणार.”

“पंखा कसा चालतो ते घरात सांगितलंस?”

त्याचे कान लाल झाले. “तिचे वडील समोर उभे होते. काम उरकलं, पाणी प्यायलो आणि पळालो.”

मुलीच्या घरी आधी तिचा भाऊच भेटला. “मला इंजिनिअर मेव्हणा हवा होता. हिनं हे ध्यान शोधून आणलं!”

“तुम्ही पंख्याला हात लावलात?”

“मी? मला बल्ब बदलता येत नाही, बाई. आमच्याकडे असली किरकोळ कामं बाबा करतात.”

मास्तरांनी मनात भावाच्या नावावर फुली मारली. एवढा राग, म्हणजे हाच!

वडील अगदी मऊ बोलणारे. चष्म्याची मोडकी काडी जखमेवर लावायच्या पांढऱ्या कापडी पट्टीनं बांधलेली. मास्तर भिंतीवरचं चित्र बघायला खुर्चीतून उठले, तोच डोक्यावरचा पंखा थांबला.

“उठलात म्हणून बंद केला,” वडील ओशाळून म्हणाले. “बसा, लावतो पुन्हा.”

आतल्या खोलीत आई हात गळ्यात घेऊन पडली होती. “मी बरी आहे हो. ह्यांनीच अन्न टाकलंय. मी पडले, आणि वाळत चाललेत हे!”

ताईंनी वायरमनला बोलावून घेतलं. मेन स्विच बंद करायला लावला. संध्याकाळ झालेली, त्यामुळे बाथरूममध्ये मिट्ट काळोख झाला. मास्तरांनी बॅटरी धरली आणि वायरमननं जाळी उतरवली.

आत एक तार सुटी लोंबत होती. टोकाला पांढरी कापडी पट्टी, वाफेनं ओली होऊन सुटलेली. जाळी बसवलेली असताना उघडं तांबं तिलाच टेकत असणार.

“बघा, याचे प्रताप!” भाऊ उसळला.

“थांबा. बटण बंद असताना झटका बसला, म्हणजे तो कायम वीज असलेल्या तारेचा. या पंख्याला ती तार लागते एवढ्यासाठीच, की दिवा मालवल्यावर त्यानं थोडा वेळ चालावं. पंखा आधी तसा चालत होता, म्हणजे तार जागेवर होती. नंतर तो दिव्याबरोबर थांबायला लागला, म्हणजे कुणीतरी ती काढली. वायरमन तेव्हा घरात नव्हता.”

“मग वैरानं कुणीतरी...” मास्तर भावाकडे बघत म्हणाले.

“वैरी तारेला पट्टी गुंडाळेल का, मास्तर? आणि पंखा बटणावर चालता ठेवेल? या हातानं आपल्या परीनं काळजीच घेतली. त्याला फक्त एक खुपत होतं: माणूस बाहेर आला तरी पंखा फिरतोच आहे. बिघाड समजून त्यानं तो दुरुस्त केला. पट्टी घरात सापडली तीच लावली. जी चष्म्यालाही लावलीय.”

सगळे वडिलांकडे वळले. त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“मला वाटलं, पोराची चूक झाली,” ते पुटपुटले. “गुपचूप निस्तरावी, चारचौघांत त्याचा पाणउतारा नको. आणि ही पडल्यावर... जीभच उचलेना.”

दारात आई येऊन उभी होती. कुणालाच कळलं नव्हतं.

“मनगट काय, जुळेल,” ती म्हणाली. “पण इतके दिवस त्या लेकराला चोरासारखं जगू दिलंत तुम्ही. ते आधी भरून काढा.”

वडिलांनी मास्तरांच्या हातातली बॅटरी घेतली आणि वायरमनच्या शेजारी जाऊन उभे राहिले. उजेड मात्र तारा सोडून भिंतभर धावत होता.

वायरमननं त्यांचं मनगट हलकेच धरून उजेड तारांवर आणला.

“असा धरा, बाबा. आता बघा, ही पहिली तार. ही काय करते, सांगतो.”