गुनवोरबाईंच्या मागावरची कोरी डिस्क

खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं मानावं. हे ज्याच्यावर बेतलं तो टोरकेल माझा सख्खा मेहुणा, बहिणीचा नवरा आहे. आणि स्वतःची फजिती होईल अशी गोष्ट तो मनानं कधीच रचणार नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बुरोस गावाच्या बाहेर गुनवोरबाईंचं विणकामाचं दुकान आहे. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे आमच्या उत्तरेकडं हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख.

बाईंचा नवरा एव्हर्ट वसंतात गेला. त्यानं आयुष्यभर रचलेले नक्षीचे नमुने माग चालवणाऱ्या जुन्या संगणकात होते. त्याची हार्ड डिस्क आता कुरकुरत होती.

टक्... टक्...

ती गेली की नमुने गेले. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

संगणक दुरुस्त करणारा टोरकेल डिस्क बदलायला आला तोच नाक मुरडत.

"हा संगणक म्हणायचा की पेटारा? तुमच्या नवऱ्याला भंगार जमवायचा शौक होता का हो, बाई?"

"चालतोय ना अजून? तुझं काम कर. कॉफी ओतते."

नवी डिस्क असल्या जुन्या संगणकाच्या रुंद केबलला थेट लागत नाही. मध्ये अ‍ॅडॉप्टर बसवावा लागतो. तो त्यानं बसवला. आता जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, एवढंच काम. संगणकानं विचारलं, कुठून कुठं?

"एव्हर्ट दोन्ही डिस्कची नावं मोठ्यानं वाचायचा. मगच बटण दाबायचा," बाई म्हणाल्या.

"मी झोपेत करतो हे."

आणि दाबलं!

अ‍ॅडॉप्टरमुळं कोरी डिस्क पहिल्या नंबरावर आली होती. हा दीडशहाणा पहिली ती जुनी असं धरून चालला. कोरी डिस्क जुनीवर उतरली. एव्हर्टचं आयुष्यभराचं काम पुसलं गेलं... आणि हा वेलदोड्याचा गोड बनपाव खात बसला होता.

काम संपल्यावर त्यानं बघितलं. दोन्ही डिस्क रिकाम्या.

हातातला बन त्यानं बशीत ठेवला. पण कबूल करेल तर तो टोरकेल कसला! त्यानं जुनी डिस्क काढून गुपचूप खिशात सारली.

"मेलेलीच होती हो ती. स्वस्तातली घेतली असणार तुमच्या नवऱ्यानं."

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

"एकही नाही? हंसांचासुद्धा नाही?" मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता तो खरंच गेला."

तेवढ्यात...

टक्...

आवाज संगणकातून आला. जुनी डिस्क तर याच्या खिशात होती. आणि नव्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं. ती आवाज करूच शकत नाही.

टक्... टक्...

माग आपोआप सुरू झाला. कापड पुढं सरकू लागलं. त्यावर हंस उमटले... एकामागून एक.

बाई रडायला लागल्या. आणि आमचे मेहुणे? लाज कोळून प्यायलेला माणूस!

"बघा! वाचवलेच की नाही शेवटी मी?"

पण घाबरून त्यानं नवी डिस्कही उपटून काढली. केबलचं टोक मोकळं लोंबत राहिलं.

माग थांबला नाही.

"राहू दे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता कशालाही हात लावू नकोस."

मग त्यांची नजर त्याच्या बाहीवर गेली. काठावर काळ्या दोऱ्याची फुली होती. टाके पक्के, घट्ट. सकाळी बहिणीनं इस्त्री केली तेव्हा बाही स्वच्छ होती, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

"हे... हे काय आहे?" टोरकेलनं विचारलं.

"खराब कापडाला एव्हर्ट ही खूण घालायचा," बाई शांतपणे म्हणाल्या. "फेकून द्यायच्या मालाला."

टोरकेल अवजारं तिथंच टाकून पळाला. घरी जाऊन त्यानं तो शर्ट शेगडीत जाळला.

बाईंचा माग आजही चालतो. सगळे नमुने निघतात. संगणक उघडायला त्या कुणालाच देत नाहीत.

नाताळाला टोरकेल आमच्याकडं जेवायला आला होता. अंगात कोरा करकरीत शर्ट. सारखा बाही खाली ओढत होता. हेरिंग माशाच्या ताटलीकडं हात लांबवला, तशी बाही वर सरकली आणि तिच्या काठावर काळा दोरा दिसला...

मी ताटली तेवढी पुढं सरकवली.