कांदळवनातला धूर

“दियोसेलीना बुडून मेली म्हणतात,” रोसाउरा म्हणाली. “उद्या म्हणतील, मासा सर्दीने मेला.”

तुमाको बंदरातल्या आपल्या छोट्या कचेरीत फिलोमेना आंगुलोने तिला खुर्ची दिली. फिलोमेना खाजगी तपास करते. तिचा मदतनीस नेफ्ताली तिची मोटरबोटही चालवतो. त्याचं डोकं त्याच्या इंजिनासारखंच, दोरी तीनदा ओढल्याशिवाय सुरू होत नाही.

“नीट सांगा, मावशी.”

“काल सकाळी आमच्या ला पोर्फिया गावाच्या खाडीत सापडली. पालथी. डोक्याला खोक. शेजारी तिची होडी आणि होडीत शिंपल्यांनी भरलेली टोपली. फौजदार म्हणतो, पाय घसरला, मुळावर डोकं आपटलं. कांदळवन धोक्याचं आहे म्हणून उद्या ते बंद करणार. मग दुपारच्या सभेत मत, कांदळवन तोडून तिथे कोळंबीची तळी खणायची की नाही. आम्हा बायकांनाच आत जायची बंदी, तर जागा राखायची कुणासाठी?”

“तळ्यांच्या विरोधात कोण होतं?”

“आम्ही सगळ्याच. पण बोलायची ती.” रोसाउराने डोळे पुसले नाहीत, नुसते मोठे केले. “माझी चाळीस वर्षांची मैत्रीण होती, बाई. ती पाण्यात जन्मली होती. ती घसरत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला तिघं कांदळवनात शिरली. चिलटांनी नेफ्तालीला फोडून काढलं. रोसाउराने चिरूट पेटवला, उलटा फिरवला आणि जळतं टोक तोंडात घालून ओठ मिटले.

“अहो मावशी! जीभ भाजेल!”

“दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात,” ती चिरुटाच्या बाजूने बोलली. “राख झाडायला तुझा बाप येणार का? बाहेर विस्तव ठेवला तर पहिल्या सरीत विझतो. धूर नसला तर ही चिलटं जिवंत सोलतील. आम्ही सगळ्या अशाच ओढतो.”

“घरीसुद्धा?”

“घरी कशाला? मला काय वेड लागलंय? ओसरीवर माणसासारखी ओढते.”

तिने चिखलातून एक शिंपली काढली आणि गळ्यातल्या लोखंडी कडीवर धरली. शिंपली आरपार गेली. तिने ती चिखलात परत खुपसली. “कडीतून गेली ती लहान. लहान घ्यायची नाही. हा दियोसेलीनाचा कायदा. तिची स्वतःची कडी पितळी, नवऱ्याच्या जुन्या होडीच्या पट्टीची. झोपतानाही गळ्यात.”

“प्रेताच्या गळ्यात होती?”

रोसाउरा थबकली. “नव्हती.”

“वाहून गेली असेल,” नेफ्ताली म्हणाला.

दियोसेलीनाच्या ओसरीवर ती टोपली तशीच होती. फिलोमेनाने रोसाउराची कडी मागून घेतली. टोपलीतल्या शिंपल्या एकामागून एक कडीतून खाली पडल्या.

“ही टोपली तिची,” रोसाउरा कडाडली, “पण हा माल तिचा नाही! तिने असलं पाप जन्मात केलं नाही!”

घरात प्रेताभोवती बायका शोकगीतं म्हणत होत्या. मागच्या दारी उसाची दारू फिरत होती. फिलोमेनाने पुरुषांना एकेक करून बाजूला घेतलं.

आर्नुल्फो हा कोळंबीवाल्यांचा दलाल. बुटांना चिखल लागू नये म्हणून फळीवरच उभा. “मी परवा तुमाकोत होतो. या बाईने मला बारा गावांसमोर शिव्या घातल्यात, पण शिव्यांवरून कोणी खून करतं का? आणि त्या चिखलात मी पाय घालेन असं वाटतं तुम्हाला?”

हामेर हा दियोसेलीनाचा भाचा, काली शहरातून आलेला. त्याचे डोळे सुजले होते. “हो, भांडलो मी तिच्याशी. म्हटलं, सोड हा चिखल, माझ्याकडे चल. ती म्हणाली, तुझ्या शहरात ओहोटी तरी येते का? लहानपणी तिच्या मागे याच चिखलात फिरलोय, बाई. तिच्या अंगाला धुराचा वास यायचा. तो अजून नाकात आहे.”

तिसरा प्रुदेन्सिओ. शिंपल्यांचा व्यापारी, गावाच्या परिषदेचा अध्यक्ष आणि शोकगीतात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

“मीच तिला शेवटचं पाहिलं हो,” तो हुंदका देत म्हणाला. “उजाडायचं होतं. मी माझ्या धक्क्यावर होतो. ती समोर चिखलात वाकलेली. चिरुटाचं लाल टोक अंधारात लुकलुकत होतं. हाक मारली तर तिने हात हलवला. सोन्यासारखी बाई!”

“तुम्ही कधी बायकांबरोबर कांदळवनात जाता?”

“मी? छे! आमच्याकडे पुरुष समुद्रावर जातात. मी तर तिथेही नाही. मी तराजूवाला.”

फिलोमेनाने हामेरला हाक मारली आणि त्याच्या कानात काही सांगितलं. तो निघून गेला.

दुपारी दियोसेलीनाच्याच अंगणात सभा भरली. फौजदार बंदीचा हुकूम घेऊन आला. फिलोमेना उभी राहिली.

“हुकूम जरा खिशात ठेवा, साहेब. ही बाई घसरली नाही. तिला मारलं.”

आतल्या बायका दारातून अंगणात आल्या.

“त्या सकाळी ती चिखलात उतरलीच नव्हती. टोपलीतल्या शिंपल्या लहान आहेत, तिच्या कडीतून गळणाऱ्या. म्हणजे टोपली दुसऱ्याने भरली, ती कामावर होती असं दाखवायला. अशा लहान शिंपल्या या गावात कोणी काढत नाही. मग आल्या कुठून? ज्याच्याकडे गावोगावचा माल पोत्यांनी येतो त्याच्याकडून.”

“माझ्याकडे सगळा आमच्या बायांचा माल आहे!” प्रुदेन्सिओ उसळला.

“अजून तुमचं नाव घेतलं नाही मी.”

मागून कोणीतरी हसलं. नेफ्तालीने कपाळावर हात मारला. आत्ता कुठे त्याचं इंजिन सुरू झालं होतं.

“तुम्ही तिला लांबून पाहिलंत. चिरुटाचं लाल टोक दिसलं म्हणालात. रोसाउरामावशी, कांदळवनात चिरुटाचं लाल टोक कुठे असतं?”

“तोंडात!” एकटी रोसाउरा नाही, सगळ्या बायका ओरडल्या.

“तिला ओसरीवर चिरूट ओढताना तुम्ही हजारदा पाहिलंत, प्रुदेन्सिओ. कामावर कधीच पाहिलं नाही. आर्नुल्फोलाही हे ठाऊक नसेल, पण त्याने काही पाहिल्याचा आवच आणला नाही. तुम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण!”

“धूर आणि शिंपल्या!” प्रुदेन्सिओ फौजदाराकडे वळला. “एवढ्यावर माणसाला पकडतात का?”

“नाही,” फिलोमेना म्हणाली. “म्हणून हामेरला पाठवलं. लहानपणी तिच्या मागे चिखलात फिरलेला माणूस लाल टोकाची थाप मारणार नाही, एवढी माझी खात्री होती.”

हामेर चार बायकांसह अंगणात आला. त्याने मूठ उघडली. तळहातावर पितळी कडी होती.

“याच्या कोठारात, लहान शिंपल्यांच्या पोत्यामागे.”

“ती पहाटे माल मोजायला गेली,” फिलोमेना म्हणाली. “गळ्यातून कडी काढून पोत्यातल्या शिंपल्या तपासत होती. हा चोरून लहान शिंपल्या विकतो, हे सभेत सांगणार होती. मग हा अध्यक्ष राहिला नसता, आणि तळ्यांच्या कागदावर याची सही चालली नसती. याने मागून मारलं, होडीत घालून खाडीत सोडलं आणि हाताशी आलेल्या पोत्यातून टोपली भरली. जन्मभर याने शिंपल्या तोलल्या, मापल्या कधीच नाहीत.”

प्रुदेन्सिओ कडीकडे पाहत जमिनीवर बसला. “ती हसली माझ्यावर,” तो पुटपुटला. “म्हणाली, तराजूवाल्या, तुझी सगळी इज्जत या कडीतून गळते.”

फौजदाराने त्याला उठवलं. जाता जाता हुकुमाचा कागद चारदा घडी घालून त्याने खिशात कोंबला. बायकांनी वाट दिली ती त्यांना जायला पुरेल एवढीच.

अध्यक्षाची वही उचलून आर्नुल्फो खाकरला. “फार वाईट झालं. पण कायद्याने सभा भरली आहे, मत तर घ्यावंच लागेल. तळ्यांच्या विरोधात कोण?”

हात वर गेले. समुद्रावरून आलेल्या पुरुषांचेही गेले. आर्नुल्फो बोटाने मोजत रोसाउरापाशी आला आणि थांबला. तिने दोन्ही हात वर केले होते.

“एका माणसाला एकच मत, मावशी. दुसरा हात खाली घ्या.”

“हा माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“आत जाऊन बघ कुणाचा ते!”

आर्नुल्फो आत गेला नाही. त्याने अंगणाकडे पाहिलं, वहीत दोन्ही हात मांडले आणि वही मिटली. तेव्हा कुठे रोसाउरा रडू लागली, मोठ्याने, मैत्रिणीचं नाव घेऊन. हात मात्र तिने खाली घेतले नाहीत.