पुलावरच्या उडीआधीचा फोन

सकाळपासून आमचा स्टुडिओ लग्नघरासारखा गजबजला होता. माझी मावशी ऐन तारुण्यात ज्या हेरपटाची नायिका होती, त्याची एकुलती एक प्रत एका बंद थिएटरच्या माळ्यावर सापडली होती. चित्र शाबूत, आवाजाचा मात्र पार चुथडा. तो नव्याने भरायचा होता आणि ध्वनिमुद्रक होतो मी! माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मावशी ठेवणीतली साडी नेसून आली. दिग्दर्शक काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांना अजूनही सगळे साहेबच म्हणत. नायक मात्र येणार नव्हता. सगळ्या उड्या स्वतः मारायचा, म्हणून युनिट त्याला लाडाने ‘उड्या’ म्हणायचं. शेवटच्या दृश्यात पुलावरून उडी मारताना दोर तुटला आणि तो गेला. मावशीने पुढे लग्न केलंच नाही. त्या दोराचा विषय निघाला की साहेब उठून जात.

आधी फोनबूथचं दृश्य घेतलं. ते उडीच्या आदल्या दिवशी चित्रित झालेलं. नायिका बोलते, थांबते, पुन्हा बोलते. पलीकडचा नायक दिसत नाही. त्याचा आवाज दुसऱ्या नटाकडून नंतर भरून घेणार होतो.

“बोल, ऐकतेय,” मावशी माइकसमोर म्हणाली. पडद्यावरच्या तरुण मुलीचे ओठ अचूक जुळले. मी काचेआडून अंगठा दाखवला.

मग नायकाच्या ओळीसाठी सोडलेली मोकळी जागा आली. मावशीने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

“नाही रे, दोर बदललेला नाही. मी विचारलं होतं.”

मी मुद्रण थांबवलं. “मावशी, अशी ओळ नाहीये आपल्याकडे.”

“अरे, तो विचारतोय ना!” तिचे डोळे चमकत होते.

“कोण?”

“दुसरं कोण? उड्या!”

मी मुद्रण मागे नेऊन ऐकलं. मधल्या जागेत काहीच नव्हतं. पण पडद्यावरची मुलगी आता तेच बोलत होती: दोर बदललेला नाही. आठवडाभर मी ते दृश्य पाहत होतो. ते ओठ ‘पाकीट पोहोचलं’ एवढंच म्हणायचे.

थांबायला हवं होतं. पण छातीत असा ढोल वाजत होता की मी पुन्हा बटण दाबलं.

“ऐक माझं,” मावशी म्हणाली. “उद्या उडी मारू नकोस. साहेब कितीही ओरडू देत, नाही म्हण. तुला माझी शपथ!”

बूथमधली मुलगी रडत होती. मग दोघी एकदम हसल्या.

“‘बरं बाई’ म्हणतोय तो!” मावशी ओरडली. “शेवटचं रीळ लाव! लाव ना रे लवकर!”

साहेबांनी माझं मनगट धरलं. “नको लावूस.”

मी लावलं.

पूल. भन्नाट वारा. कपाळावरचा केसांचा झुबका सावरत उड्या कठड्यापाशी आला, खाली वाकला. कॅमेऱ्याकडे वळून त्याने ठाम मान हलवली आणि चालत चौकटीबाहेर गेला.

मावशीने टाळ्या पिटल्या. मीही ओरडलोच!

पण दृश्य संपेना.

दुसराच एक माणूस तणतणत चौकटीत आला. त्याने दोर कमरेला बांधला. चौकटीबाहेर कुणाला तरी हातवारे करून दाखवलं: असं, असं.

त्याने उडी मारली.

दोर वाऱ्यावर लोंबकळत राहिला. रिकामा.

माझं मनगट मोकळं होतं. शेजारी कुणी नव्हतं.

“साहेब कुठे गेले?”

“साहेब?” मावशी चकित झाली. “ते तर त्या पुलावरच गेले. तू जन्मलाही नव्हतास.”

तेवढ्यात दार उघडून एक उंच म्हातारा आत आला. कपाळावर तोच केसांचा झुबका, आता पांढरा.

“आलास?” मावशी हसली. मला म्हणाली, “अरे, काकांना बसू दे की.”

ते माझ्या शेजारी बसले. जरा चुळबुळले.

“कोण बसलं होतं रे इथे?” त्यांनी विचारलं. “गादी गरम आहे.”