कर्नलच्या पाठीवर

संध्याकाळचा चहा टाकायचा म्हणून रोली कीस्ट कॅन घेऊन टाकीवर पाणी आणायला गेला, तेव्हा त्याच्या डोक्यात उद्याच्या शर्यतीखेरीज दुसरं काही नव्हतं. विलंगाच्या लाल माळावर एरवी चिटपाखरू फिरकत नाही. पण जुलैत, तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, उंटांच्या शर्यती भरल्या की तंबू आणि गाड्यांचं एक गावच तिथे वसतं. जागोजागी शेकोट्या पेटल्या होत्या. सॉसेज परतल्याचा वास येत होता, आणि कुणीतरी दूरवर गिटारची एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होतं.

रोली तरुणपणापासून इथे यायचा. पूर्वी स्वतः उंट पळवायचा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून हातात काठी आली, आणि खोगिरावर त्याची मुलगी बसू लागली, टेगन.

तो परतला तेव्हा तंबूमागे बांधलेला त्यांचा उंट, कर्नल, खाली बसत होता. आधी पुढचे गुडघे, मग मागचे. दमून बसतो तसा नव्हे. मान ताठ, पाठ स्थिर. स्वार चढायची वाट बघताना बसतो, अगदी तसा. जवळ कुणीच नव्हतं.

थोड्या वेळाने कर्नल उठू लागला. उठताना असा कण्हला की रोलीच्या हातातला कॅन हिंदकळला. उंटाचे मागचे पाय लटलटत होते, जसं काही पाठीवर धान्याची पोती लादली होती. उभा राहिल्यावर त्याने लांब मान वळवली आणि स्वतःच्या पाठीकडे पाहिलं.

रोली लंगडत जवळ गेला. पाय चाचपले, तळवे पाहिले. कुठे काटा नाही, सूज नाही. मग त्याने वशिंडामागे हात ठेवला. तिथले केस दबून चपटे झाले होते. आणि ओले होते. हात नाकाशी नेला तर भिजलेल्या घोंगडीचा कुबट वास आला. विलंगात गेल्या उन्हाळ्यापासून पावसाचा थेंब पडला नव्हता.

"टेगन," चहा ओतताना तो म्हणाला, "उद्या नको पळवूस त्याला."

"का? लंगडतोय?"

"लंगडत नाही... उठताना कण्हतो."

"तूही कण्हतोस, बाबा. म्हणून तुला आम्ही खाटकाकडे दिलं का?"

शेजारच्या तंबूतला क्लेम टॉड खो खो हसला. रोलीचा जुना दोस्त. बिअरचा डबा हातात घेऊनच शेकोटीशी आला होता. "पळू दे रे पोरीला! गेल्या खेपेला थोडक्यात हुकलं तिचं. आता तूच पाय ओढणार का, म्हाताऱ्या?"

रोलीने शेकोटीत लाकूड सारलं. सांगणार तरी काय? उंटाची पाठ ओली आहे म्हणून?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शर्यत सुटली. ऊन लख्ख होतं, माणसं कठड्याला लोंबकळून ओरडत होती, भोंग्यातून उंटांची नावं घुमत होती. रोलीने दुर्बीण डोळ्यांना लावली. धुळीच्या लोटातून कर्नल सगळ्यांच्या पुढे निघाला. रोलीला हायसं वाटलं. क्षणभरच.

टेगनच्या मागे कुणीतरी बसलं होतं.

शर्यतीच्या उंटावर खोगिरामागे बसायला जागाच नसते. माशी बसली तरी घसरावी असा उतार. पण तिथे कुणीतरी होतं. तोंड तिच्या पाठीआड लपलेलं. दिसत होत्या फक्त दोन बाह्या, काळसर, जाड लोकरीच्या, पाण्याने जड झालेल्या. त्या टेगनच्या दोन्ही बाजूंनी पुढे आल्या होत्या.

"क्लेम... हे बघ. टेगनकडे बघ."

क्लेमने दुर्बीण घेतली. "बघतोय की! पुढे आहे आपली पोर!"

"तिच्या मागे?"

"मागे सगळी धूळ खातायत!" क्लेमने आनंदाने त्याच्या पाठीत थाप मारली.

अंतिम रेषा गेली. कर्नल थांबला नाही. मैदानाच्या टोकाचा अडसर त्याने छातीने मोडला आणि उघड्या माळावर सुटला. टेगन मागे रेलून जिवाच्या आकांताने वेसण ओढत होती. "उडी मार! टेगन, उडी मार!" रोली ओरडला. त्याचा आवाज त्या गलक्यात त्याचा त्यालाही ऐकू आला नाही.

क्लेमच्या पिकअपमधून दोघे मागे लागले. कोरड्या ओढ्याशी गाडी अडली. पुढे नुसते धोंडे, पलीकडे काटेरी रान. क्लेम पायी गेला. रोली चार धोंडे ओलांडून कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. शेवटी तिथेच बसून राहिला. हाका मारून घसा बसला. समोर रान निश्चल होतं; त्यातून फक्त ते कण्हणं ऐकू येई, कधी लांबून, कधी जवळून.

दिवस मावळायला आला तेव्हा क्लेम टेगनला घेऊन परतला. मागून कर्नल अगदी निमूट चालत होता.

"खरचटलंय फक्त," क्लेम म्हणाला. "उधळतात रे उंट कधीकधी."

रोलीने कर्नलला बसवलं, उठवलं. उंट कापसासारखा हलका उठला. पाठ कोरडी होती. रोलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. गेलं, जे काय होतं ते गेलं.

"तुम्ही गाडी घेऊन व्हा पुढे," क्लेम म्हणाला. "मी याला ओढ्याच्या कडेने चालवत आणतो."

तो दिसेनासा झाल्यावर टेगन पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. "मी थांबवत होते, बाबा. पण माझ्या हातांवर... हात होते."

"कुणाचे?"

"मागे बघवलं नाही."

"आता नाही ना काही? चल, बस. शेकोटीशी जाऊ."

रोली काठी आत टाकून स्टिअरिंगमागे बसला. दुसऱ्या बाजूचं दार लागल्याचा आवाज झाला. किल्ली फिरवून त्याने पाहिलं, तर पुढच्या त्या लांब सीटवर टेगन मध्येच, त्याला चिकटून, अंग चोरून बसली होती.

"अगं, खिडकीकडे सरक ना. गिअर लागतोय तुझ्या गुडघ्याला."

टेगनने मान वळवली नाही. ती समोरच्या काचेकडे बघत होती, आणि गाडीत भिजलेल्या घोंगडीचा कुबट वास येत होता.

"कुठे सरकू, बाबा...?"