पहिल्या हाकेला ओ

"अहो, ऐकता का?"

दिवेलागणीला मागून हाक आली आणि दीपमाला झपाझप चालायला लागली. देगलूरजवळच्या त्या निजामकाळच्या दगडी पुलावर माणूस दोनदा हाक मारतो आणि ते दुसरं एकदाच. पहिल्या हाकेला ओ देणारा परत दिसत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"अहो ताई—"

तेव्हा कुठे ती वळली. "दुसऱ्यांदा हाक मारली म्हणून वळले. पण ताई कशाला म्हणायचं?"

समोर हातात मोजायची टेप घेतलेला तरुण लाजून उभा होता. हा संगमेश, लातूरचा इंजिनियर. जुना पूल जपायचा, त्यावर फिरायची वाट आणि बसायला ओटे करायचे, पर्यटक आणायचे, हे त्याचं काम. त्यानंतर दीपमाला शेतातून परतताना पुलावर रेंगाळू लागली. तो दगड तपासायचा आणि ती त्याला. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता, सरळ सांगायचं तर.

पण ग्रामसभेत सरपंच हणमंतराव अडले. "पावणे लोक पयल्या हाकेला ओ देऊन बसले तर? पाडा तो पूल. न्हाईतर गावातल्या कुणीतरी ओ देऊन दाखवा."

पूल पाडला की संगमेश लातूरला परत जाणार... दीपमाला उठून उभी राहिली.

"मी देते," ती म्हणाली.

बाहेर संगमेशने तिला गाठलं. "पुलासाठी जीव धोक्यात घालू नका."

"पुलासाठी कोण घालून राहिलंय?"

संध्याकाळी गाव अलीकडे थांबलं, संगमेश पलीकडे. ती मधल्या कमानीवर आली आणि वारा पडला. खाली नदी वाहत होती, पण पाण्याचा आवाज येईना. मानेला गार श्वास लागला.

"दीपमाला..."

आवाज संगमेशचा होता. संगमेश मात्र समोर, ओठ घट्ट मिटून उभा होता.

पण त्या आवाजाला नाही म्हणणं तिला जमलंच नाही.

"ओ," ती म्हणाली.

पाण्याचा आवाज परत आला. ती मागे न बघता पलीकडे पोहोचली. "ऱ्हाऊ द्या पूल," हणमंतराव ओरडून म्हणाले. संगमेशने तिचे गार पडलेले हात हातात घेतले.

"ओ कुणाला दिली? मला तर हाक ऐकूच आली न्हाई."

"तुम्हाला."

"मी तोंडही उघडलं न्हाई—"

"मग आता उघडा की." ती हसली. "एकदाच मारा. पुरे हाय."

"दीपमाला," तो हळूच म्हणाला.

ओ मात्र दोन आल्या. एक तिची... आणि एक पुलावरून.