फाटकापर्यंतची रेंज

दुपारी दोनच्या सुमारास सिरसाळ्याचा विरुपाक्ष कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात आला आणि टेबलावर वायफायचा डबा मांडून बसला. मॅनेजर सुंदररावांनी त्याला चहा पाजला. पाजावाच लागला, कारण त्याला खुद्द मालकांनी पाठवलं होतं. जिनिंगमधले सात जुने वॉकीटॉकी फाटकापर्यंतच चालायचे, आणि मालकांना नेकनूरला घरी बसून मोबाइलवरून कामगारांशी बोलायचं होतं.

"जुन्या सेटांला मोबाइलचं नेटवर्क कळत न्हाई," विरुपाक्ष सांगू लागला. "हा डबा मधी दुभाषी. एकदा का सेटची नोंद झाली, की तो कुठंबी बोलंल. फाटकबिटक काई न्हाई."

"फाटकापर्यंतच ठेव की बे. लई हौस कावून?"

विरुपाक्ष हसला. "मंग मालकांनी मला कावून धाडलं, साहेब?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. सुंदररावांनी घड्याळाकडे पाहिलं.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. कापूस निवडणाऱ्या एका बाईवर सुंदररावांनी हात उगारला, आणि कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसवरच्या बंकटनं चारचौघांत तो हात धरला. एवढंच झालं होतं. सुट्टीच्या दुपारी तीनला बंकट प्रेसच्या पेटीत उतरून साफसफाई करत होता, तेव्हा सुंदररावांनी मोठा पाना त्याच्या डोक्यात घातला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाना हाडात रुतला, तो पाय देऊन ओढावा लागला. मग त्याच्यावर कापूस लोटला आणि ऑफिसात येऊन प्रेसचं बटण दाबलं.

पण बंकट मेला नव्हता. त्याच्या कमरेचा सेट चालू होता. प्रेस खाली येत असताना टेबलावरच्या सातही सेटांतून आवाज आला, "साहेब... मी हाय अजून... मी हाय..." त्यामागून हाडं मोडत गेल्याचा आवाज. कापसानं सगळं रक्त पिऊन टाकलं. सुंदररावांनी स्वतः पत्र्याच्या पट्ट्या आवळून गाठ बांधली आणि दुसऱ्या दिवशी ती ट्रकवर चढवली. बंकट सुरतेला पळाला, ही आवईही त्यांचीच.

तेव्हापासून रोज तीन वाजता सेट खरखरायचे. "मी हाय..." इतर कुणाला ते ऐकू येत नसे. सुंदरराव उठून फाटकाबाहेर जाऊन उभे राहत, कारण तिथं आवाज पोचायचा नाही. वर्षभर माणूस त्या एका आधारावर जगला. गाठ गेली तरी बंकट फाटकाच्या आतच आहे, आणि आपली धनश्री दूर लातूरला, नर्सिंगच्या होस्टेलवर आहे. आईविना वाढवलेली एकुलती पोर. एरवी हा राक्षसच, पण त्या पोरीवर त्याचा जीव होता, हे सांगितलंच पाहिजे.

"मालकांनी सांगितलं म्हनून तुमचा मोबाइल मुख्य ठेवलाय," विरुपाक्ष म्हणाला. "आता तुमच्या मोबाइलमधल्या समद्या नंबरांवर सेटवरून बोलता येतंय. झाली आठांची नोंद."

"सात हायत."

"आठ हायत, साहेब. नाव बी आलंय... बंकट. कुठं हाय ह्यो सेट?"

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती.

"काढ त्याला. आत्ताच्या आत्ता काढ!"

"निघंना... म्या समद्यांना एकदमच हो म्हणलं ना..."

सुंदररावांनी कोपऱ्यातला पाना उचलला आणि डब्यावर घातला. विरुपाक्षनं डबा वाचवायला हात पुढे केला, तर दुसरा घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड कातडीतून बाहेर आलं. तो गुरासारखा ओरडत दाराबाहेर पळाला. सुंदरराव डबा ठेचत राहिले. डब्याचा चुरा झाला, पण त्या चुऱ्यातला हिरवा दिवा काही विझला नाही.

सातही सेट खरखरले. आज तो "मी हाय" म्हणाला नाही.

"साहेब... लातूर लागलं."

लगेच सुंदररावांचा मोबाइल वाजला. धनश्री होती.

"बाबा, तुमच्या नंबरावरून आत्ता कोण बोलत होतं?"

"खोलीच्या बाहेर पड! पळ, बाळा!"

"दार उघडत न्हाई, बाबा... भिंत खाटेला लागलीय. खोली बारीक होत चाललीय... बाबा, मी भिंत ढकलतेय, पण..." तिचा श्वास लागला होता. "बाबा, छातीवर... माझी छाती..."

कडकड आवाज झाला. सुंदररावांना तो ओळखीचा होता. ते भिंतीवर डोकं आपटू लागले. "बंकट, मला ने रे! तिचा काय गुन्हा?"

पंधरा-वीस मिनिटांनी होस्टेलच्या बाईंचा फोन आला.

"आम्ही दार तोडलं. धनश्री दिसत नाही. खोली जशीच्या तशी आहे, पण खाट, गादी, कपाट, सगळं मिळून मधोमध एक चौकोनी गाठ झालीय... पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. चौघांना हलत नाही. आम्ही पट्ट्या कापलेल्या नाहीत. तुम्ही या... तिचा मोबाइल गाठीच्या आत वाजतो आहे. आम्ही लावला, तर कुणी उचलला नाही. तुम्ही लावून बघा."

सुंदररावांनी लेकीचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"बोला, बाबा," बंकट म्हणाला.